अणुवीज केंद्राची नाडी कोणाच्या हाती?

अणुशक्तीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट विजेच्या गरजेची, दुसरी किरणोत्सर्गाच्या भयाची. दोन्ही प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्या गदारोळात एक तिसरा प्रश्न नेहमी मागे पडतो. अणुभट्टीत काही बिघडले तर ते प्रथम कोणाला कळते, त्यानंतर कोणाला कळते, आणि किती वेळाने कळते? केंद्र चालविणारी कंपनी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी नियामक यंत्रणा यांच्या दरम्यान आणीबाणीच्या प्रसंगी माहिती वाहून नेण्याची व्यवस्था कशी असावी, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. कोणती तार, कोणता संगणक, किती खर्च, एवढ्यावर तो संपेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सत्तेचा आणि लोकशाही नियंत्रणाचा प्रश्न आहे, आणि म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होणे योग्य नाही.

हा प्रश्न जगापुढे स्वच्छपणे मांडला तो अमेरिकेतील एका अपघाताने. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चार वाजता पेनसिल्व्हेनिया राज्याच्या हॅरिसबर्ग या राजधानीजवळ, थ्री माइल आयलंड येथील दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीला पाणी पुरविणारे पंप बंद पडले. दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. कारण तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवीत नव्हता, झडपेला मिटण्याची आज्ञा गेली एवढेच दाखवीत होता. दोन तासांहून अधिक काळ थंडाव्याचे पाणी त्या वाटेने निसटत राहिले. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकाच वेळी वाजू लागले, आणि ते छापणारे यंत्र इतके मागे पडले की त्याच्या कागदाचा तातडीच्या कामासाठी उपयोग उरला नाही. कक्षातील माणसे आळशी किंवा अडाणी नव्हती. त्यांच्यासमोर आकडे होते, परंतु त्या आकड्यांचा अर्थ लावण्यास बाहेरून मदत करील असे कोणीही त्यांच्या पाठीशी नव्हते.

मग देखरेख करणारा अणुनियामक आयोग कोठे होता? कंपनीने सकाळी सातच्या सुमारास आणीबाणी जाहीर केली आणि आयोगाच्या विभागीय कचेरीला दूरध्वनी केला. कचेरी अजून उघडायची होती. निरोप घेणाऱ्या सेवेने तो घेतला, आणि अधिकारी घरून कचेरीच्या वाटेवर होते. पावणेआठच्या सुमारास प्रत्यक्ष संपर्क जुळला. म्हणजे अपघात सुरू झाल्यापासून जवळजवळ पावणेचार तास देशाच्या नियामक यंत्रणेला या घटनेची गंधवार्ताही नव्हती. अणुभट्टीच्या गाभ्याची मोठी हानी तोवर होऊन गेली होती.

त्यानंतर संपर्क होता, पण तो कसला? एका टोकाला कोणीतरी तबकड्यांवरचे आकडे वाचून दाखवायचे, दुसऱ्या टोकाला कोणीतरी ते लिहून घ्यायचे, आणि तेथून ते आणखी दोन-तीन तोंडांतून वरिष्ठांपर्यंत जायचे. त्याच दिवशी दुपारी दोनच्या थोडे आधी भट्टीच्या कवचगृहात हायड्रोजन पेटून दाब एकाएकी उसळला. त्याची नोंद केंद्रातील यंत्रावर उमटली होती. तिचा अर्थ आयोगाच्या वरिष्ठांच्या ध्यानी आला तो शुक्रवारी, म्हणजे दोन दिवसांनी! आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हेंड्री यांनी त्या शुक्रवारी सहकाऱ्यांच्या बैठकीत काढलेले उद्गार नोंदले गेले आहेत. राज्यपालांची माहिती संदिग्ध आणि आपल्याजवळ तर माहितीच नाही, अशा स्थितीत आपण दोघे आंधळ्यांप्रमाणे चाचपडत निर्णय घेत आहोत, अशा आशयाची ती कबुली होती. राज्याचे उपराज्यपाल विल्यम स्क्रँटन यांची गत निराळी नव्हती. पहिल्याच दिवशी सकाळी कंपनीच्या भरवशावर त्यांनी पत्रकारांना दिलासा दिला, आणि दुपारी त्यांनाच कंपनीची माहिती परस्परविरोधी असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले.

याहून बोधप्रद प्रसंग ३० मार्चच्या सकाळचा आहे. हेलिकॉप्टरमधून घेतलेले किरणोत्सर्गाचे एक मोजमाप आयोगाच्या मुख्यालयात पोहोचले. आकडा होता ताशी १२०० मिलिरेम. तो केंद्राच्या धुराड्याच्या थेट वर हवेत मोजलेला होता. परंतु कोठे मोजला ही माहिती त्याच्यासोबत धडपणे आली नाही. योगायोग असा की वायूच्या टाक्या मोकळ्या झाल्या तर केंद्राबाहेर जमिनीवर किती किरणोत्सर्ग होईल याचे गणित मुख्यालयात नुकतेच कोणी केले होते आणि त्याचेही उत्तर १२०० हेच होते. दोन आकडे जुळले आणि मुख्यालयाने लोकांना हलविण्याची शिफारस केली. राज्यपाल डिक थॉर्नबर्ग यांना आधी लोकांनी घरात राहावे असे सांगावे लागले, मग पाच मैलांच्या आतील गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी निघून जावे असा सल्ला द्यावा लागला. सरकारी आज्ञेने जेवढी माणसे निघाली असती त्याहून कितीतरी अधिक, सुमारे १ लाख ४० हजार, आपण होऊन निघाली. मायबापांनी मुलांना गाडीत कोंबले, कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याजोगी स्थिती उरली नाही. माहितीच नसणे आणि अर्धवट माहिती असणे, या दोन्ही गोष्टींची किंमत एकाच आठवड्यात सामान्य कुटुंबांनी मोजली.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने ऑक्टोबर १९७९ मध्ये अहवाल दिला. दोष यंत्रांपेक्षा माणसांच्या संघटनेत आणि मनोवृत्तीत अधिक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि नियामक यंत्रणेलाही त्याने झाडले. त्यानंतर सुधारणा झाल्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. केंद्रांपासून आयोगापर्यंत खास दूरध्वनी बसले, प्रत्येक केंद्राजवळ आणीबाणीची स्वतंत्र कार्यालये उभी राहिली, भट्टीच्या सुरक्षिततेचे मोजके आकडे एकत्र दाखविणारे पडदे आले. आणि केंद्रातील संगणकावरून आयोगाच्या मुख्यालयापर्यंत आकडे आपोआप यावेत, मधे कोणाचे तोंड नको, कोणाचे कान नकोत, अशी योजनाही मांडली गेली.

ही योजना मात्र सहजासहजी उतरली नाही. पहिला आराखडा बारगळला. त्याजागी मर्यादित स्वरूपाची दुसरी योजना आली. १९८९ पासून तिच्यात स्वेच्छेने सामील होण्याचे आवाहन कंपन्यांना करण्यात आले. अखेर ऑगस्ट १९९१ मध्ये आयोगाने नियम करून ती सक्तीची केली आणि अंमलासाठी आणखी अठरा महिने दिले. केवळ तोंडी निरोपांवर चालणारा संपर्क संथ आणि सदोष ठरतो, हे त्या नियमामागचे कारण. ते कारण १९७९ च्या मार्चमध्येच सिद्ध झाले होते! जी गोष्ट एका सकाळी सिद्ध झाली, ती नियमात यायला बारा वर्षे लागली. भांडवलदारी व्यवस्थेत सुरक्षिततेचा खर्च ज्याच्या खिशातून जायचा त्याचा होकार मिळविण्यात किती काळ जातो, याचे हे चांगले माप आहे.

त्या नियमात काय आहे ते नीट पाहू, कारण आपल्या मागण्या ठरविताना त्याचा उपयोग होईल. भट्टीच्या गाभ्याची आणि थंडाव्याची स्थिती, कवचगृहातील दाब व तापमान, किरणोत्सर्गाची मोजमापे, वाऱ्याची दिशा व वेग, असे निवडक आकडे पंधरा ते साठ सेकंदांच्या अंतराने केंद्राच्या संगणकावरून आयोगाकडे जातात. दर तीन महिन्यांनी या व्यवस्थेची चाचणी घ्यावयाची असते. पूर्वी हे काम साध्या दूरध्वनीच्या तारेवर मोडेम लावून होई. पुढे त्याजागी आधुनिक सुरक्षित जोडणी आली. प्रवाह एकाच दिशेने जातो. मुख्यालयाला आकडे दिसतात, त्याला तेथून झडप फिरविता येत नाही. इथवर सारे ठीक आहे.

पण ही वाहिनी सुरू कोण करतो? केंद्राचा चालक. केव्हा? ठराविक पायरीची आणीबाणी त्याने स्वतः जाहीर केल्यानंतर, एका तासाच्या आत. आता हाच नियम थ्री माइल आयलंडला लावून पाहावा. आणीबाणी जाहीर झाली सातच्या सुमारास. नियमाप्रमाणे आकडे मुख्यालयात यायला आठ वाजले तरी चालले असते. उघडी राहिलेली झडप ध्यानात येऊन तिची वाट बंद झाली ती सकाळी सव्वासहानंतर. म्हणजे ज्या काळात बाहेरची एखादी शहाणी नजर उपयोगी पडली असती, नेमक्या त्याच काळात वाहिनी नियमानुसार मुकी राहिली असती. आज आणीबाणीच्या पायऱ्या अधिक स्पष्टपणे आखलेल्या आहेत, हे मान्य. तरीही रोग्याने स्वतः आजार जाहीर केल्यावर वैद्याने नाडी पाहावी, हा क्रम मूलतः उलटा आहे. शिवाय केंद्राच्या संगणकावर जे आकडे आधीच उपलब्ध असतील तेवढेच पाठवावेत अशी मर्यादा आहे. राज्य सरकारांना हे आकडे पाहावयाचे तर आयोगाशी करार करून पाहता येतात. केंद्राच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या नागरिकाला मात्र या व्यवस्थेत कोठेही स्थान नाही.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो. तो केवळ मालकांचा नाही, अनेक प्रामाणिक अभियंतेही घेतात, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, शेकडो मैलांवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती क्षणाक्षणाचे आकडे दिले तर तो तेथून हुकूम सोडू लागेल. भट्टीशेजारी उभ्या असलेल्या कामगाराचे हात बांधले जातील. आणि संदर्भावाचून आलेला आकडा काय करतो हे १२०० मिलिरेमच्या प्रसंगाने दाखविलेच आहे. या म्हणण्यात तथ्यांश आहे. भट्टी चालविण्याची जबाबदारी जागेवरच्या माणसाची आहे आणि राहिली पाहिजे. परंतु १२०० मिलिरेमचा आकडा आपोआप आलेला नव्हता. तो तोंडोतोंडी आला आणि वाटेत त्याचे स्थळ हरवले. वाहिनीतून आलेल्या आकड्यासोबत कोणत्या यंत्राने, कोठे, किती वाजता मोजला ही ओळख असते. तेव्हा त्या प्रसंगाचा धडा आकडे कमी द्यावेत असा नाही, ते पूर्ण द्यावेत असा आहे. आणि हुकूम सोडण्याचा मोह टाळण्यासाठी अधिकारांची मर्यादा कायद्यात लिहिता येते. डोळे बांधून ठेवण्याची गरज नसते. गिरणीत कारखाने निरीक्षकाला प्रवेश द्यायचा की नाही, यावर मालकांनी पूर्वी हेच युक्तिवाद केले होते.

तरीही तार टाकली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जपानने तो धडा फार महाग दराने विकत घेतला. तेथे केंद्रांतील आकडे सरकारकडे पोहोचविणारी व्यवस्था होती. त्या आकड्यांच्या आधारे किरणोत्सर्ग कोणत्या दिशेने पसरेल याचा अंदाज करणारी ‘स्पीडी’ नावाची संगणकप्रणालीही होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमा दाइइची केंद्राची वीज गेली आणि त्याबरोबर माहितीचा प्रवाहही तुटला. ज्या प्रसंगासाठी व्यवस्था उभी केली, त्याच प्रसंगी ती आंधळी झाली. केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर ओकुमा येथे आणीबाणीचे संपर्ककेंद्र होते. तेथेही वीज आणि संपर्क कोलमडले, किरणोत्सर्ग अडविणारी हवेची गाळणी नव्हती, आणि काही दिवसांत ते सोडून द्यावे लागले.

परंतु जपानचा दुसरा धडा पहिल्यापेक्षा कडू आहे. ‘स्पीडी’ बंद पडली नव्हती. भट्टीतून किती उत्सर्ग होतो आहे हे ठाऊक नसल्याने ठोकळ गृहीतकावर तिची गणिते चालू होती, आणि वाऱ्याचा रोख तिच्यात दिसत होता. ती गणिते लोकांसमोर आली २३ मार्चला. दरम्यान नामिए गावची माणसे जीव वाचविण्यासाठी वायव्येकडे त्सुशिमा भागात जाऊन राहिली होती आणि किरणोत्सर्गाचा लोट त्याच दिशेने गेला. तार नसल्यामुळे हे घडले नाही. सरकारला जे दिसत होते ते लोकांना सांगण्याचे कर्तव्य कोणाचेच नव्हते, म्हणून घडले. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरविला आणि नियामक, सरकार व कंपनी यांच्या संगनमतावर बोट ठेवले. देखरेख करणारी संस्था अणुउद्योगाला चालना देणाऱ्या मंत्रालयाच्याच पदराखाली होती. ती मोडून सप्टेंबर २०१२ मध्ये नवे प्राधिकरण स्थापावे लागले.

हा केवळ खाजगी नफ्याचा दोष आहे, असे म्हणून आपण समाजवाद्यांनी सुटका करून घेऊ नये. चेर्नोबिलच्या केंद्राला खाजगी मालक नव्हता. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर तेथे स्फोट झाला. शेजारचे प्रिप्यात शहर रिकामे करायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली, आणि जगाला पहिली चाहूल लागली ती २८ एप्रिलला स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रातील मापकांनी. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने कामगारांच्याच मुलांना एक संपूर्ण दिवस रस्त्यावर खेळू दिले. मालकी सार्वजनिक झाली, पण माहिती सार्वजनिक झाली नाही, तर नोकरशाही ही नवी मालक होते. लोकशाहीवाचून समाजवाद नाही हे आपण ज्या आग्रहाने मांडत आलो, त्याचा याहून कठोर पुरावा शोधावा लागणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या. १९६९ मध्ये त्या सुरू झाल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ ९९०० मेगावॉटचा प्रकल्प आखला गेला. त्याच्या विरोधात एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण मारला गेला. ज्यांच्या दारात भट्टी, त्यांना माहिती मात्र वर्तमानपत्रातून, हा आपला रिवाज आहे.

आणि आपल्याकडे काही घडलेच नाही, असे कोणी समजू नये. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, तारा जळाल्या, केंद्र सुमारे सतरा तास विजेवाचून राहिले आणि नियंत्रण कक्ष धुराने भरल्यामुळे माणसांना तो सोडावा लागला. डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी पाणी देऊन कर्मचाऱ्यांनी भट्टी सांभाळली. त्यांच्या धैर्याला सलाम केला पाहिजे. पण अशा वेळी केंद्राच्या विजेवर आणि केंद्राच्याच तारांवर अवलंबून असलेली माहितीवाहिनी काय कामाची, हा प्रश्न फुकुशिमाच्या अठरा वर्षे आधी नरोराने विचारला होता.

आपले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, आणि ज्या अणुऊर्जा आयोगाला ते उत्तरदायी होते त्याचे अध्यक्षपद अणुऊर्जा खात्याच्या सचिवाकडेच असे. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी या परावलंबनावर उघडपणे टीका केली. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही मंडळाला कायदेशीर स्वायत्तता नसल्याचे दाखवून दिले. त्यासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक लोकसभेबरोबर २०१४ मध्ये विरून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या अणुकायद्याने मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले, पण त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुवीज केंद्रे चालविण्याचे दारही उघडले. आजवर निदान एकाच सरकारची दोन खाती एकमेकांना दूरध्वनी करीत. उद्या दुसऱ्या टोकाला भागधारकांना उत्तरदायी असलेली कंपनी असेल. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री कारखान्याबाहेरच्या वस्तीला आणि इस्पितळातील डॉक्टरांना वेळेवर काय सांगितले गेले, हे आपण विसरलेलो नाही.

म्हणून पक्षाने आणि जनआंदोलनांनी या विषयावर नेमक्या मागण्या पुढे केल्या पाहिजेत. प्रत्येक अणुवीज केंद्रातून नियामक मंडळाकडे जाणारी माहितीवाहिनी अहोरात्र चालू असावी. ती सुरू करणे चालकाच्या इच्छेवर किंवा त्याने आणीबाणी जाहीर करण्यावर अवलंबून नसावे. तिला केंद्राच्या विजेपासून वेगळी वीज आणि एकाहून अधिक स्वतंत्र मार्ग असावेत, आणि केंद्र पूर्ण अंधारात गेले आहे असे गृहीत धरून तिची चाचणी व्हावी. कुंपणाबाहेरील किरणोत्सर्गाचे आणि वाऱ्याचे आकडे राज्य सरकारला, जिल्हाधिकाऱ्याला आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना त्याच क्षणी, मराठीत आणि समजेल अशा रीतीने मिळावेत. ते रोखून धरणे हा गुन्हा ठरावा. केंद्रातील कायम आणि कंत्राटी कामगारांना धोक्याची सूचना थेट मंडळाला देण्याचा हक्क असावा, आणि तसे केल्याबद्दल कोणाची भाकरी जाऊ नये. आलेले आकडे वाचून रात्री तीन वाजताही निर्णय घेऊ शकेल असा स्वतःचा तज्ज्ञवर्ग मंडळापाशी असावा. नाहीतर पडद्यावर आकडे येत राहतील आणि कचेरी सकाळी उघडेल.

यावर लोकांत घबराट पसरेल, हे ठराविक उत्तर येईलच. पेनसिल्व्हेनियातून जी माणसे घरे सोडून निघाली ती अधिक माहिती मिळाल्यामुळे निघाली नव्हती. कंपनी एक सांगते, आयोग दुसरे आणि राज्यपाल तिसरे, असे तीन दिवस ऐकल्यावर ती निघाली. नियमितपणे खरे सांगणाऱ्याचे बोलणे लोक संकटातही ऐकतात, आणि हा विश्वास संकटाच्या दिवशी उसना मिळत नाही.

अणुवीज असावी की नसावी, याविषयी आपल्या वाचकांत मतभेद आहेत, आणि तो वाद चालू राहावा. परंतु ज्या भट्ट्या आज धडधडत आहेत त्यांच्या शेजारी माणसे आजच राहत आहेत. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत त्यांना थांबावयास सांगता येणार नाही. तारापूर आणि जैतापूर परिसरातील आपल्या शाखांनी पुढच्या आणीबाणीच्या सरावाच्या वेळी जिल्हा प्रशासनाला एक साधा प्रश्न लेखी विचारावा: या क्षणी भट्टीत काय चालले आहे ते तुम्हाला कोणाला न विचारता कळू शकते काय? मिळालेले उत्तर गावसभेत वाचून दाखवावे आणि तेथूनच या कामाला प्रारंभ करावा.